एकपेशीय जीव हलतात कसे? सूक्ष्मनलिकांच्या जुडग्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॅरामेशियम पक्ष्माभिकांनी, म्हणजे अंगावरच्या केसांसारख्या बारीक तंतूंनी पोहतो आणि युग्लीना कशाभिकेने, म्हणजे चाबकासारख्या लांब तंतूने पोहतो, हे शाळेपासून पाठ असतं. पण ती पक्ष्माभिका स्वतः कशाने हलते? तिच्यात स्नायू नाही की मज्जातंतू नाही. आहेत त्या फक्त प्रथिनांच्या नळ्या, एकमेकींना बांधलेल्या. विद्यार्थी, शिक्षक आणि निव्वळ कुतूहलाने वाचणारे या नळ्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

सूक्ष्मनलिका म्हणजे नेमकं काय?

ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची पोकळ नळी. अल्फा आणि बीटा अशा दोन ट्युब्युलिनची जोडी हा तिचा मूळ घटक. एका जोडीची लांबी ८ नॅनोमीटर. जोड्या एकापुढे एक लागून धागा तयार होतो आणि असे सहसा १३ धागे कडेला कडा लावून नळी बनवतात. नळीचा बाहेरचा व्यास सुमारे २५ नॅनोमीटर भरतो. सगळ्या जोड्या एकाच दिशेला तोंड करून बसलेल्या असल्यामुळे नळीची दोन टोकं सारखी नसतात. एकाला अधिक टोक म्हणतात, दुसऱ्याला उणे टोक. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढची सगळी हालचाल त्यावरच उभी आहे, कारण नळीवरून चालणारी प्रथिनं ही दिशा ओळखून चालतात.

मग या नळ्या स्नायूसारख्या आखडतात का?

नाही. बहुतेकांचा पहिला अंदाज हाच असतो आणि एके काळी काही संशोधकांनाही तसंच वाटत होतं. प्रत्यक्षात नळ्यांची लांबी बदलत नाही. त्या एकमेकींवरून सरकतात.

एक शंभरपानी वही घ्या, शिवणीची बाजू घट्ट धरा आणि वही वाकवा. एकही पान लांब किंवा आखूड झालेलं नसतं, तरी मोकळ्या कडेला पानं पायऱ्यांसारखी पुढे-मागे झालेली दिसतात. पीटर सॅटिर यांनी १९६० च्या दशकात गोड्या पाण्यातल्या शिंपल्याच्या कल्ल्यांवरच्या पक्ष्माभिका घेऊन नेमकं हेच तपासलं. वेगवेगळ्या दिशांना वाकलेल्या अवस्थेत त्यांनी त्या रसायनाने स्थिर केल्या आणि टोकाकडचे काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पक्ष्माभिका ज्या बाजूला वाकली असेल त्यानुसार टोकापर्यंत पोचलेल्या नळ्या बदलत होत्या. नळ्या आखडत असत्या तर हा हिशेब जुळला नसता.

याहून थेट पुरावा १९७१ साली मिळाला. कीथ समर्स आणि इयान गिबन्स यांनी समुद्री साळिंदराच्या शुक्राणूंच्या शेपट्यांवरचं आवरण काढलं, ट्रिप्सिन हे विकर थोडाच वेळ लावून आतल्या नळ्यांमधले दुवे तोडले आणि मग एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारं द्रव्य, दिलं. शेपट्या वाकल्या नाहीत. नळ्या एकमेकींवरून सरकत सरकत बाहेर निघाल्या आणि जुडगा मूळ लांबीच्या कितीतरी पट लांब झाला.

या एका प्रयोगातून दोन गोष्टी कळतात आणि माझ्या मते दुसरी जास्त मोलाची आहे. पहिली, बल निर्माण होतं ते सरकण्यातून. दुसरी, नुसत्या सरकण्याने वळण येत नाही. दुवे शाबूत असतात तेव्हाच सरकणं अडतं, आणि अडलेलं सरकणं वाकण्यात बदलतं. जुडगा कुठे आणि कसा बांधलेला आहे, यावर हालचालीचा प्रकार ठरतो. खाली येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक जीवाची कहाणी ही त्या बांधणीचीच कहाणी आहे.

नळ्यांना सरकवतं कोण?

डायनिन नावाचं प्रथिन. शेजारशेजारच्या नळ्यांमध्ये छोटे हात असावेत असं ब्यॉर्न अफझेलियस यांना १९५९ सालीच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत दिसलं होतं. गिबन्स यांनी १९६३ साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाच्या पक्ष्माभिकांमधून एटीपी फोडणारं एक प्रथिन वेगळं काढलं. ते काढल्यावर चित्रांतले हात नाहीसे झाले. ते परत मिसळल्यावर हात पुन्हा दिसू लागले. १९६५ साली त्याचं डायनिन असं नामकरण झालं.

डायनिनचं बूड एका नळीवर पक्कं बसलेलं असतं. त्याचं दुसरं टोक शेजारच्या नळीला धरतं, एटीपीच्या ऊर्जेवर आकार बदलतं, ओढतं, सोडतं आणि पुन्हा धरतं. ते चालतं नळीच्या उणे टोकाकडे, म्हणजे बुडाकडे. त्यामुळे शेजारची नळी पक्ष्माभिकेच्या टोकाकडे ढकलली जाते.

'नऊ अधिक दोन' म्हणजे काय?

पक्ष्माभिका किंवा कशाभिका आडवी कापली की परिघावर नळ्यांच्या नऊ जोड्या आणि मधोमध दोन सुट्या नळ्या दिसतात. या गाभ्याला अ‍ॅक्सोनीम म्हणतात. परिघावरच्या प्रत्येक जोडीत एक नळी पूर्ण, १३ धाग्यांची. दुसरी १० धाग्यांची आणि पहिलीला चिकटलेली. आयरीन मँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वनस्पतींच्या पोहणाऱ्या पुंपेशींमध्ये ही रचना स्पष्टपणे दाखवली. पॅरामेशियम, शैवालं, मॉस वनस्पतींच्या पुंपेशी, माणसाची श्वासनलिका आणि शुक्राणू, सगळीकडे हीच मांडणी आहे. दृश्यकेंद्रकी, म्हणजे पेशीत केंद्रक असलेल्या जीवांच्या शाखा एकमेकींपासून वेगळ्या होण्याआधीच ती अस्तित्वात आली असणार.

जोड्यांना एकत्र ठेवणारे दुवे, परिघाकडून मध्याकडे जाणारे आरे आणि मधली जोडी, या सगळ्यांना काम आहे. क्लॅमिडोमोनास या शैवालाच्या ज्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) जातींमध्ये मधली जोडी तयारच होत नाही, त्यांच्या कशाभिका बुडापासून टोकापर्यंत पूर्ण वाढूनही लुळ्या राहतात.

सगळ्या बाजूंच्या डायनिननी एकदम ओढलं तर?

तर काहीच होणार नाही, कारण समोरासमोरची ओढ एकमेकांना निष्प्रभ करेल. एका बाजूला वाकायचं तर एकाच बाजूची ओढ वरचढ व्हायला हवी, आणि परत फिरायचं तर पारडं दुसऱ्या बाजूला जायला हवं. क्लॅमिडोमोनासमध्ये हे सेकंदाला सुमारे ५० वेळा घडतं.

जियानफेंग लिन आणि डॅनिएला निकॅस्ट्रो यांनी पोहत असतानाच गोठवलेल्या शुक्राणूंच्या शेपट्यांची त्रिमितीय चित्रं २०१८ साली प्रसिद्ध केली. वाकलेल्या भागातले डायनिन कोणत्या अवस्थेत आहेत ते त्यांत पाहता आलं. बहुतेक डायनिन मुळातच चालू अवस्थेत असतात आणि एका बाजूचे आळीपाळीने रोखले जातात, असं त्यातून समोर आलं. म्हणजे नियंत्रण चालू करण्यावर नसून थांबवण्यावर आहे. मला हा अलीकडच्या काळातला या विषयातला सर्वांत सुंदर निष्कर्ष वाटतो.

जिवाणूंच्या कशाभिकाही अशाच असतात का?

अजिबात नाही. तिथे सूक्ष्मनलिकाही नाहीत आणि डायनिनही नाही. जिवाणूची कशाभिका फ्लॅजेलिन प्रथिनाचा ताठ मळसूत्री धागा असते आणि बुडाशी असलेलं फिरतं यंत्र तिला गोल फिरवतं. त्याला ऊर्जा बहुधा पेशीपटलातून आत येणाऱ्या प्रोटॉनमधून मिळते, एटीपीतून नाही. मराठीत दोन्हींना एकच शब्द वापरला जात असल्याने परीक्षेत इथे नेहमी घोटाळा होतो.

पक्ष्माभिका नुसती पुढे-मागे हलून चालत नाही का?

नाही चालत. इतक्या लहान आकाराला पाणी फार चिकट भासतं. हात मारल्यावर आपण थोडं पुढे वाहत जातो, तसं इथे होत नाही. वल्हवणं थांबलं की जीव जागच्या जागी थांबतो. अशा जगात जी हालचाल उलट क्रमानेही तशीच दिसते, ती जीवाला पुढे नेऊ शकत नाही. जितकं पुढे जाल, तितकंच मागे याल. एडवर्ड पर्सेल यांनी हा मुद्दा १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात मांडला आणि तेव्हापासून तो या क्षेत्राचा पाया मानला जातो.

म्हणून पक्ष्माभिका जाताना ताठ राहून पाणी लोटते आणि येताना वाकून, पेशीला चिकटून परतते. कशाभिका बहुधा लाटेसारखी वळवळते आणि लाट एकाच दिशेने धावते. दोन्हींत जाणं आणि येणं सारखं नाही. हा असमानपणा पुन्हा बांधणीतून आणि डायनिनच्या आळीपाळीतून येतो.

पॅरामेशियम आदळल्यावर मागे कसा सरकतो?

हर्बर्ट जेनिंग्ज यांनी या वागण्याचं तपशीलवार वर्णन १९०६ सालच्या आपल्या पुस्तकात केलं: जीव अडखळतो, उलटा पोहतो, थोडा वळतो आणि नव्या दिशेने पुन्हा पुढे निघतो. कारण कळायला मात्र पुढची सहासात दशकं जावी लागली. पुढचं टोक आदळलं की पेशीपटलावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियमच्या वाटा उघडतात आणि कॅल्शियम पक्ष्माभिकांच्या आत शिरतं. ते वाढलं की लोटण्याची दिशाच उलटते. पंपांनी कॅल्शियम बाहेर काढलं की जीव पुन्हा सरळ पोहतो.

युताका नाइतोह आणि हिरोशी कानेको यांनी १९७२ साली हे फार सुरेख रीतीने सिद्ध केलं. त्यांनी साबणासारख्या द्रव्याने पॅरामेशियमचं पटल छिद्रमय केलं. जीव मेला, पण एटीपी आणि मॅग्नेशियम दिल्यावर तो पोहू लागला. कॅल्शियम अगदी कमी असताना पुढे. प्रमाण एका लिटरला साधारण एक मायक्रोमोलच्या वर नेलं की मागे. म्हणजे दिशा ओळखण्याची सोय अ‍ॅक्सोनीममध्येच आहे. तिला जिवंत पेशीची गरज नाही. त्याच सुमारास चिंग कुंग यांना मागे पोहताच न येणारे उत्परिवर्तित पॅरामेशियम मिळाले. बुद्धिबळातलं प्यादंही मागे जात नाही, म्हणून या पॅरामेशियमना त्याचंच नाव मिळालं. त्यांच्या अ‍ॅक्सोनीममध्ये दोष नव्हता. कॅल्शियमची वाटच उघडत नव्हती.

कशाभिका तुटली तर परत येते का?

येते, आणि तासा-दोन तासांत. जोएल रोझेनबॉम आणि सहकाऱ्यांनी १९६९ साली क्लॅमिडोमोनासच्या दोनपैकी एकच कशाभिका तोडली. तुटलेली वाढू लागली तेव्हा शाबूत असलेली आखूड होत गेली. दोन्ही सारख्या लांबीच्या झाल्यावर मग दोघी मिळून पूर्ण लांबीपर्यंत वाढल्या. म्हणजे पेशी लांबीचा हिशेब ठेवते. बांधकामाचा माल टोकापर्यंत कसा पोचतो, हे १९९३ साली येल विद्यापीठात रोझेनबॉम यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं: अ‍ॅक्सोनीम आणि पटल यांच्यामधून कण सतत वर-खाली ये-जा करत होते.

या वाढीला कोल्चिसिन हे द्रव्य रोखतं. ते सुट्या ट्युब्युलिनला चिकटतं आणि नवी नळी उभी राहू देत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कोल्चिसिनमुळेच विषारी असते. तिचा कंद कुणीही प्रयोगासाठी हाताळू नये. गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी १९६७ साली कोल्चिसिन पेशीत कशाला चिकटतं याचा माग काढला आणि त्यातूनच ट्युब्युलिन हाती लागलं.

पक्ष्माभिका किंवा कशाभिका नसतानाही नळ्यांचे जुडगे हालचाल घडवतात का?

हो, आणि पाठ्यपुस्तकांत हा भाग जवळजवळ नसतोच, याची मला खंत वाटते. नळ्यांची बांधणी बदलली की केवढी विविधता येते, ते इथेच कळतं.

लाकूड खाणाऱ्या क्रिप्टोसर्कस झुरळांच्या आतड्यात सॅकिनोबॅक्युलस नावाचा जीव राहतो. त्याच्या शरीरातून आरपार एक जाड दांडा जातो, त्याला अ‍ॅक्सोस्टाइल म्हणतात. त्यात शेकडो-हजारो सूक्ष्मनलिका ओळींमध्ये रचलेल्या असतात आणि ओळी एकमेकींना दुव्यांनी जोडलेल्या असतात. हा दांडा पेशीच्या आतच सतत लाटा मारतो आणि त्याच्या वळवळीने सगळी पेशी पिळवटत पुढे सरकते. मार्क मूसेकर आणि लुईस टिल्नी यांनी १९७३ साली हे दांडे पेशीबाहेर काढले आणि एटीपी देऊन पुन्हा हलवून दाखवले. नऊ अधिक दोन नाही, गोल मांडणी नाही, तरी डायनिनसारखं प्रथिन, सरकणं आणि दुवे ही तीच तिन्ही अंगं इथे आहेत.

स्टेंटॉर हा तुतारीच्या आकाराचा जीव एक-दोन मिलिमीटरपर्यंत लांब होतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. धक्का लागला की तो सुमारे एक शतांश सेकंदात गोळा होतो. हे आखडणं कॅल्शियमने चालणाऱ्या वेगळ्याच तंतूंचं काम आहे, सूक्ष्मनलिकांचं नाही. पण पुन्हा लांब होणं? त्वचेखाली सूक्ष्मनलिकांच्या लांबच लांब पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बेसी ह्वांग आणि डोरोथी पिटेल्का यांनी १९७३ साली दाखवलं की आखडलेल्या स्टेंटॉरमध्ये पट्ट्या एकमेकींवर जास्त चढलेल्या असतात आणि लांब झालेल्यात कमी. म्हणजे इथे सरकणं वाकण्यात बदलत नाही; ते सरळ लांबी वाढवतं.

लॅक्रिमारिया ओलोर हा तर याहून थक्क करणारा. सुमारे ४० मायक्रोमीटरच्या देहातून तो दीड मिलिमीटरच्या आसपास लांब मान बाहेर काढतो आणि भक्ष्य शोधतो. एलियट फ्लॉम आणि मनु प्रकाश यांनी २०२४ साली याचं उत्तर दिलं: पेशीभोवती सूक्ष्मनलिकांच्या पट्ट्या मळसूत्रासारख्या फिरलेल्या आहेत आणि पटल त्यांना धरून वक्र घड्यांमध्ये दुमडलेलं असतं. मान निघते तेव्हा घड्या उलगडतात, परत येते तेव्हा त्याच रेषांवर दुमडतात. नळ्या इथे इंजिन नाहीत, त्या घडी कुठे पडायची ते ठरवतात.

सूर्यासारखे किरण फुटलेले हेलिओझोआही आहेत. त्यांपैकी अ‍ॅक्टिनोस्फेरियमच्या प्रत्येक किरणाच्या गाभ्यात नळ्या दोन गुंतलेल्या सर्पिलांत मांडलेल्या असतात. पाणी ४ अंशांपर्यंत थंड केलं की नळ्या विरघळतात आणि किरण आत जातात; ऊब मिळाली की नळ्या पुन्हा जुळतात आणि किरण बाहेर येतात. इथे सरकणं नाही, नळ्या जुळणं आणि सुटणं हीच हालचाल.

एकपेशीय जीव 'चालतो' असं ऐकलं, ते खरं का?

खरं आहे. युप्लोटिसच्या पोटाकडून पक्ष्माभिकांचे जाड गुच्छ निघतात आणि त्यांवर तो पृष्ठभागावरून पावलं टाकत चालतो. युप्लोटिस युरिस्टोमसला असे १४ पाय असतात. त्यांच्या बुडाशी सूक्ष्मनलिकांचे जुडगे पेशीच्या आत दूरवर पसरलेले असतात. चार्ल्स टेलर यांनी १९२० साली अतिसूक्ष्म सुईने हे जुडगे कापले तेव्हा पायांमधला मेळ बिघडला. बेन लार्सन, वॉलेस मार्शल आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली चालण्याचं चित्रीकरण करून दाखवलं की पावलं वाटेल तशी पडत नाहीत. एका स्थितीनंतर कोणती स्थिती यायची याला ठरावीक क्रम आहे आणि तो राखण्यात या जुडग्यांचा हात आहे. मेंदू नसलेल्या पेशीत क्रम राखण्याचं काम नळ्यांची बांधणी करते, ही गोष्ट शंभर वर्षांच्या अंतराने दोनदा सिद्ध व्हावी, याचं मला विशेष वाटतं.

अमिबाचं काय?

अमिबाचे छद्मपाद मुख्यतः अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांवर चालतात. तो विषय वेगळा.

हिवताप आणि काळा आजार यांच्याशी याचा संबंध आहे का?

अगदी थेट. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जेरियातल्या कॉन्स्टँटिन इथे अल्फाँस लाव्हराँ यांना रुग्णाच्या ताज्या रक्तात एका गोल पिंडातून निघालेले आणि जोरजोराने वळवळणारे धागे दिसले. ती वळवळ पाहूनच हे सजीव परजीवी आहेत अशी त्यांची खात्री पटली. ते धागे म्हणजे हिवतापाच्या परजीवीच्या, प्लास्मोडियमच्या नरपेशी, प्रत्येकीच्या आत एक अ‍ॅक्सोनीम. एरवी हे डासाच्या पोटात घडतं: रक्त आत गेल्यावर पंधराएक मिनिटांत एका नर पिंडातून आठ नरपेशी बाहेर पडतात. मात्र डासातून माणसात येणारी अवस्था कशाभिकेने पोहत नाही. ती अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या बळावर घसरत जाते.

काळ्या आजाराचा लेश्मानिया वाळूमाशीच्या पोटात लांब कशाभिकेने पोहतो. माणसाच्या पेशीत शिरल्यावर तीच कशाभिका आखूड आणि अचल होते. जनावरांच्या सर्रा रोगाचा ट्रिपॅनोसोमा मात्र रक्तातही पोहत राहतो. त्याची कशाभिका देहाला लांबीभर चिकटलेली असते आणि पटलाखाली सूक्ष्मनलिकांचं घट्ट अस्तर असतं. कशाभिका वळवळली की ते लवचीक अस्तर घेऊन सगळी पेशीच वळवळते.

माणसात ही यंत्रणा बिघडली तर?

अफझेलियस यांनी १९७६ साली काही रुग्णांच्या अचल शुक्राणूंमध्ये आणि श्वसनमार्गाच्या पक्ष्माभिकांमध्ये डायनिनचे हात नसल्याचं दाखवलं. अशा रुग्णांना लहानपणापासून सर्दी, खोकला, सायनस आणि फुप्फुसांचा संसर्ग यांचा त्रास असतो, आणि जवळपास निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं, कारण गर्भात डावं-उजवं ठरवण्याचं कामही पक्ष्माभिका करतात. २००० साली असंही दिसलं की क्लॅमिडोमोनासमध्ये कशाभिका बांधायला लागणारं एक जनुक उंदरात बिघडलं, तर मूत्रपिंडात द्रवाने भरलेल्या गाठी (सिस्ट) होतात. तळ्यातल्या शैवालावरच्या संशोधनाला पैसे का द्यायचे, असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देते.

हे घरी किंवा शाळेत पाहता येईल का?

नळ्या नाही, त्या साध्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्याबाहेर आहेत. पण त्यांचं काम दिसतं. तळ्याच्या पाण्यात थोडं वाळलेलं गवत टाकून आठवडाभर ठेवलं की बहुधा पॅरामेशियम मिळतात. शंभर ते चारशे पट मोठं दाखवणारा शाळेतला सूक्ष्मदर्शक पुरतो. प्रकाश थोडा कमी ठेवा, म्हणजे पक्ष्माभिकांची कड उठून दिसते. मनु प्रकाश यांच्याच प्रयोगशाळेतला कागदी फोल्डस्कोपही चालतो. जीव फार पळत असतील तर थेंबात कापसाचे दोन-चार तंतू टाका. तंतूवर आदळलेला पॅरामेशियम किती वेळ उलटा पोहतो आणि किती अंशांत वळतो, याची नोंद करा; दहा-बारा नोंदी झाल्या की त्यांत फरक किती आहे ते मांडून पाहा.